साइटवरचा वैताग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बांधणारे मालक, नवे साइट इंजिनिअर, सुपरवायझर आणि या सगळ्यांच्या मधोमध सापडलेले मुकादम यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मापं फूट-इंच आणि मीटर-मिलिमीटर अशी मिसळून दिली आहेत, कारण साइटवरही ती मिसळलेलीच असतात: गवंडी इंचात बोलतो, फिटर मिलिमीटरमध्ये, नकाशा मीटरमध्ये आणि मालक दोन्ही हात पसरून "एवढं".

१. मिस्त्री "उद्या नक्की येतो" म्हणाले. नेमका कुठला उद्या धरायचा?

माल साइटवर पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. मिस्त्रींकडे एका वेळी दोन-तीन कामं चालू असतात आणि जिथे गेल्या गेल्या हात चालेल तिथेच ते सकाळी माणसं घेऊन जातात. वाळू नाही, पाणी नाही, लाइट नाही अशा साइटवर माणसं नेली तर हजेरी द्यावी लागते आणि काम शून्य. तो तोटा त्यांच्या खिशातून जातो. म्हणून आदल्या संध्याकाळी फोनवर "येताय ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम "हो"च असतं. "सिमेंट दहा गोण्या आहे, वाळू चाळून ठेवलीय, टाकी भरलीय, दोन गवंडी आणि तीन बिगारी लागतील, किती वाजता पोचताय?" असं विचारा. खोटं बोलायचं झालं तरी मिस्त्रींना आता आकड्यांत बोलावं लागतं.

काही उद्या मात्र कॅलेंडरवर आधीच खोडलेले असतात. बऱ्याच भागांत अमावास्येला गवंडी थापीला हात लावत नाहीत. आठवडा बाजाराच्या दिवशी पगार वाटला की दुपारनंतर साइटवर वॉचमन आणि कुत्रं. मृगाच्या तोंडाला गावाकडचे मजूर पेरणीला जातात, दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातले अनेक जण ऊसतोडीला, कोकणातले गणपतीला, उत्तरेकडचे छठ आणि होळीला. होळीला गेलेला गडी आठवड्यात परत येईल असं धरून कार्यक्रम आखणारा इंजिनिअर नवा आहे हे लगेच ओळखू येतं. स्लॅबची तारीख ठरवण्याआधी हे दिवस बघा.

२. तीन ब्रास वाळूचे पैसे दिले, ढीग मात्र अडीचचा दिसतो. डोळ्यांचा दोष की ट्रकचा?

१ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रक सपाट जागेवर उभा करून हौद्याची आतली लांबी-रुंदी मोजा. उंचीसाठी फाळक्याकडे बघू नका. सळई खुपसून चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी खोली घ्या आणि सरासरी काढा. १४ फूट × ७ फूट × ३ फूट म्हणजे २९४ घनफूट, तीन ब्रासच्या जवळ. पण कडेला ३ फूट आणि सरासरी अडीच असेल तर तेच २४५ होतं. मोजणी ट्रक रिकामा होण्याआधी करायची. खाली पडलेल्या ढिगाशी वाद घालता येतो, ड्रायव्हरशी नाही, कारण तो तोवर गेलेला असतो.

दुसरी भानगड ओलाव्याची. किंचित ओली वाळू फुगते. साधारण ५ टक्के ओलाव्याला बारीक वाळूचं घनफळ २५ ते ३० टक्क्यांपर्यंत वाढतं. तपासायला सरळ कडांच्या डब्यात २०० मिमी उंचीपर्यंत ओली वाळू सैल भरा, काढा, डब्यात निम्मं पाणी घ्या, वाळू परत त्यात सोडून ढवळा. बसल्यावर उंची १६० मिमी भरली तर फुगवटा ४० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के. पाण्याखाली पूर्ण बुडालेली वाळू कोरडीएवढीच जागा घेते म्हणून ही युक्ती चालते. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, तीही फुगते. फर्म्याने (मापाच्या खोक्याने) माल मोजत असाल तर हा फुगवटा धरून वाळू वाढवावी लागते, नाहीतर प्रत्येक मिक्सरमध्ये ती कमी पडते.

३. हिशेबात सिमेंट ऐंशी गोण्या, भिंतीत दिसतं साठचं. बाकीचं कुठे जातं?

आधी घरच्या वाटा बघा. १२ मिमी जाडीचा १:४ (सिमेंट : वाळू) गिलावा एक ब्रास क्षेत्राला, म्हणजे १०० चौरस फुटांना, नासधूस धरून साधारण १ गोणी खातो. एम २० काँक्रीट (एम २० हा ताकदीचा दर्जा) १:१.५:३ (सिमेंट : वाळू : खडी) ने एका घनमीटरला सुमारे ८ गोण्या. या आकड्यांपेक्षा खप बराच जास्त असेल तर तीन शक्यता: भिंत वाकडी आहे (प्रश्न १० पाहा), घमेल्याने मोजलेलं प्रमाण घमेल्यागणिक बदलतंय, किंवा गोण्या संध्याकाळनंतर पायी चालायला लागल्यात.

तिसऱ्यावर सोपा उपाय: रिकामी गोणी जमा केल्याशिवाय भरलेली द्यायची नाही. रजिस्टरपेक्षा रिकाम्या गोण्या जास्त खऱ्या बोलतात. थप्पी दहा गोण्यांपेक्षा उंच नको, भिंतीपासून फूटभर लांब, जमिनीपासून फळ्यांवर अर्धा फूट वर. आधी आलेली आधी वापरा. तीन महिन्यांहून जुन्या सिमेंटची चाचणी घ्या आणि बोटाने चुरडत नाही असा गोळा निघाला तर ती गोणी आरसीसीत घालू नका. ती पावसात भिंत टेकवायला ठेवा; एवीतेवी तिचा दगड झालेलाच आहे.

४. मिक्सरवाला दर वेळी जास्त पाणी का ओततो?

कारण घमेलं उचलणारा, ओतणारा आणि पसरणारा अशा तिघांचेही हात पातळ मालाने वाचतात. काँक्रीटची ताकद जाते ती मात्र कुणाच्याच हाताला जाणवत नाही. आयएस ४५६ : २००० (काँक्रीटचं भारतीय मानक) नुसार नॉमिनल, म्हणजे ठरीव प्रमाणाच्या, एम २० ला ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. त्यातून वाळूतलं पाणी वजा करायचं. गोणीला सुमारे ८० किलो वाळू लागते. ती ४ टक्के ओली असेल तर तीन लिटरच्या वर पाणी आधीच आत आहे.

मिक्सरजवळ पाइप ठेवू नका. १५ लिटरची खूण केलेल्या दोन बादल्या ठेवा आणि पाइपची तोटी दहा पावलांवर. आळस ही साइटवरची सगळ्यात भरवशाची शक्ती आहे. दहा पावलं चालावं लागलं की जादा पाणी आपोआप थांबतं. माल खरंच कोरडा वाटत असेल तर व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) नीट चालतोय का ते बघा. रेडीमिक्सच्या (प्लँटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो, तो ७ मध्ये आहे.

५. सगळं स्लॅबच्या दिवशीच का बिघडतं?

कारण त्या दिवसापर्यंत कुणी काही चालू करून बघितलेलं नसतं. आधी दिवसाचं माप घ्या. १००० चौरस फूट, ५ इंची स्लॅब म्हणजे ४१६ घनफूट, ११.८ घनमीटर, साधारण ९५ गोण्या, बीम वेगळे. एक गोणीचा मिक्सर तासाला पंधरा वेळा उलटला तर नुसत्या स्लॅबला साडेसहा तास लागतात, तेही मध्ये काहीही अडलं नाही तर. त्यामुळे "अकराला सुरू करू, पाचला उरकतं" हे वाक्य ऐकलं की हॅलोजनची सोय बघा.

बिघडण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. पहिला मान व्हायब्रेटरचा. दोन ठेवा, आदल्या दिवशी दोन्ही चालवा, नीडल (काँक्रीटमध्ये घालायची त्याची नळी) जादा ठेवा, पेट्रोल कॅनमध्ये आहे का ते कॅन हलवून बघा. नीडल उभी घालायची, फूट-दीड फुटावर, बुडबुडे थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद, मग सावकाश वर. माल पुढे ढकलायला ती फावड्यासारखी वापरली की खडी एकीकडे आणि चिखल दुसरीकडे.

दुसरा इलेक्ट्रिशियन. फॅन बॉक्स आणि पाइपची मोजणी आदल्या संध्याकाळी नकाशा हातात घेऊन, त्याच्यासोबत स्लॅबवर फिरून करा. पाइप खालच्या आणि वरच्या सळईच्या मध्ये, सांधे सोल्युशन लावून. सांधा सुटला की सिमेंटची रबडी आत जाते आणि सहा महिन्यांनी वायर ओढताना वायरमन ज्या भाषेत बोलतो ती इथे छापता येत नाही.

तिसरं, सगळ्यात महागाचं: वरची सळई. आधाराजवळची वरची सळई चेअरवर (वाकवलेल्या सळईच्या घोडीवर) उभी असते आणि घमेली घेऊन जाणारी वीस माणसं तिच्यावरून चालतात. संध्याकाळपर्यंत ती खालच्या सळईला भेटलेली असते. चालायला फळ्या टाका, एक फिटर दिवसभर वर ठेवा आणि त्याला फक्त चेअर उभ्या करण्याचंच काम द्या. खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई प्लेटपासून वर धरणारे ठोकळे, २० मिमीचे. खडीचा तुकडा हा कव्हर ब्लॉक नव्हे, तो कितीही मापाचा दिसला तरी.

चौथं, सेंटरिंगखाली (स्लॅब पेलणाऱ्या प्लेटा-टेकूंच्या तात्पुरत्या साच्याखाली) एक सुतार हवाच, जादा टेकू आणि पाचरी घेऊन. जेवणाच्या वेळी तोही वर जेवायला येतो आणि नेमकी तेव्हाच एखादी प्लेट बसते. नारळ फोडा, पेढे वाटा, पण स्लॅबचं जेवण दोन पंगतींत द्या. सगळे एकदम मटणावर बसले की मधली कडा घट्ट होते आणि कोल्ड जॉइंट, म्हणजे जुना-नवा माल एकजीव न झालेला सांधा, पडतो. पहिल्या वर्षाच्या पावसात तो छतावर ओल्या रेषेने आपली सही करतो.

६. अर्धा स्लॅब झाला आणि पाऊस आला. आता?

भुरभुर असेल तर ताजा भाग ताडपत्रीने झाकून काम चालू ठेवा आणि मिक्सरमधलं पाणी कमी करा, कारण वाळू-खडी भिजतेय. धो-धो असेल तर थांबा. थांबायची जागा पाऊस ठरवणार नाही, तुम्ही ठरवा: गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) मधल्या एक तृतीयांश भागात, फळी उभी लावून, कडा सरळ उभी. आधाराजवळ नको, उतरती कडा नको. दुसऱ्या दिवशी ती कडा तारेच्या ब्रशने खरवडून सैल सिमेंट काढा, भिजवा, सिमेंटची स्लरी लावा आणि पुढचं ओता.

धुपलेल्या पृष्ठभागावर कोरडं सिमेंट भुरभुरणं हा लाडका उपाय आहे. त्याने फोटो चांगला येतो. काही महिन्यांत तो पापुद्रा सुटतो.

७. रेडीमिक्सचा ट्रक ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकला. ड्रायव्हर म्हणतो, "थोडं पाणी मारतो, होऊन जाईल."

होईल, पण वेगळं काहीतरी. आयएस ४९२६ (रेडीमिक्सचं मानक) नुसार माल भरल्यापासून २ तासांत उतरायला हवा. रिटार्डर (माल उशिरा घट्ट व्हावा म्हणूनचं रसायन) घातला असेल तर प्लँटने त्याहून जास्त वेळ दिलेला असू शकतो. चलनावर भरल्याची वेळ असते, ती बघा आणि उतरवल्याची वेळ समोर लिहून सही करा. पाण्याचा हिशेब असा: घनमीटरला ३२० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी असेल तर पाणी-सिमेंटचं गुणोत्तर ०.५०. ड्रायव्हरने घनमीटरमागे २० लिटर मारलं की ते ०.५६ होतं आणि तुम्ही पैसे मोजलेला ग्रेड तिथेच खाली घसरतो.

स्लंप (माल किती सैल आहे त्याची शंकूची चाचणी) घेऊन बघा. कमी पडला तर प्लँटच्या माणसाकडून ॲडमिक्श्चरचा, म्हणजे माल सैल करणाऱ्या रसायनाचा, डोस द्या आणि ड्रम जोरात फिरवा. त्यानेही हलत नसेल तर ट्रक परत. परत पाठवायची धमकी फोनवर दिली की प्लँटहून लगेच उत्तर येतं. सकाळपासून न उचललेला फोन हाच.

८. "पाणी मारलं का?" विचारलं की "मारलं की!" असंच उत्तर येतं. खरं कसं कळणार?

दुपारी तीनला स्लॅबवर तळहात ठेवा. सकाळी सातला सगळंच ओलं असतं, त्यात रात्रीच्या दवाचाही वाटा. कॉलमचं गोणपाट पिळून बघा. कडक वाळलेलं असेल तर उत्तर मिळालं. पांढुरके ठिपके दिसले की पाणी खंडून खंडून मारलं जातंय.

स्लॅबवर मातीचे किंवा अशक्त मॉर्टरचे बंधारे घालून वाफे करा आणि दोन इंच पाणी साठवा. वाफा एकदा भरला की "मारलं की" म्हणायला जागाच राहत नाही, पाणी दिसतं किंवा दिसत नाही. कमीत कमी ७ दिवस साध्या ओपीसीला (ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंट). पीपीसी (राख मिसळलेलं पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) असेल किंवा हवा कोरडी-गरम असेल तर किमान १० दिवस, १४ केलेत तर उत्तम. गोणीवर काय छापलंय ते वाचा, कारण सध्या बाजारात बहुतेक गोण्या पीपीसीच्या असतात आणि साइटवर मोजणी ओपीसीची चालते. ओतल्याची तारीख खडूने कॉलमवर लिहा. रविवारही दिवसच आहे. क्युरिंगला, म्हणजे या पाणी मारण्याला, आठवड्याची सुट्टी नसते, हे वॉचमनला आगाऊ आणि पैशासकट सांगा.

९. सेंटरिंगवाला चौथ्या दिवशी प्लेटा मागतो. देऊ का?

प्लेटा आणि टेकू यांत फरक करा. आयएस ४५६ नुसार ओपीसी आणि १५ अंशांवरच्या तापमानात कॉलम-भिंतींच्या बाजूच्या प्लेटा १६ ते २४ तासांनी निघतात. स्लॅबखालच्या प्लेटा ३ दिवसांनी, पण काढल्यावर टेकू ताबडतोब परत लावायचे असतील तरच. बीमच्या तळाच्या ७ दिवसांनी, तीच अट. टेकू स्लॅबचा गाळा ४.५ मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. बीम ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१. पीपीसी किंवा थंडी असेल तर यात भर घाला.

"परत टेकू लावतो" म्हणणाऱ्याचे टेकू तेव्हा दुसऱ्या साइटकडे जाणाऱ्या टेम्पोत असतात. म्हणून काढणं आणि लावणं पट्ट्यापट्ट्याने, तुमच्या समोर. सेंटरिंगचं भाडं दिवसावर ठरलं असेल तर त्याची घाई संपते आणि तुमची सुरू होते. दर ठरवतानाच चौदा दिवस त्यात घाला.

अपवाद: बाल्कनी आणि सज्जा. यांचा टेकू शेवटी आणि काढताना मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे. मुख्य सळई वर असते आणि मागचा भार बसलेला असावा लागतो. भिंतीकडून काढायला सुरुवात केली तर काही तास सज्जा उलटा वागतो आणि आयुष्यभराची भेग घेतो.

१०. "भिंत थोडी बाहेर गेलीय, प्लास्टरमध्ये काढून घेऊ." हे कितपत खरं?

पाच-सात मिमीपर्यंत खरं. त्यापुढे हे वाक्य म्हणजे तुमच्या खात्यावर काढलेली उचल. दर १२ मिमी जादा जाडीला ब्रासमागे जवळपास एक गोणी जाते, शिवाय एका हातात जाड थर मारला तर तो घसरतो आणि तडकतो. २० मिमीच्या वर दोन थर, पहिला खरवडून आणि भिजवून. त्याहून जाड गेला तर चिकन मेश (बारीक तारेची जाळी).

खरा उपाय थरांत आहे: ओळंबा दर तीन-चार थरांना, दोरी प्रत्येक थराला, विटा भिजवून. एका दिवसात दीड मीटरपेक्षा उंच चढू नका. चार इंची भिंतीत दर तीन फुटांवर आरसीसी पट्टी. गवंडी जेव्हा ओळंब्याऐवजी एक डोळा मिटून भिंत बघतो तेव्हा तो भिंत बघत नसतो, तुम्ही बघताय का ते बघत असतो.

११. सळईचे नग बरोबर आहेत, वजनकाट्यावर मात्र कमी भरतात. फसवणूक?

कदाचित नाही. वजन प्रति मीटर = व्यासाचा वर्ग ÷ १६२. १२ मीटरची ८ मिमी सळई ४.७४ किलो, १० मिमी ७.४, १२ मिमी १०.६६, १६ मिमी १८.९६. आयएस १७८६ (सळईचं मानक) बॅचच्या वजनात १० मिमीपर्यंत ७ टक्के, त्यावर १६ मिमीपर्यंत ५ टक्के आणि पुढे ३ टक्के इकडेतिकडे चालवून घेतं. त्यामुळे खरेदी वजनावर करा, मोजणी दोन्हीची ठेवा. नगावर पैसे दिलेत तर हलकी सळई तुमच्या माथी आणि वाचलेले पैसे दुसऱ्याच्या.

उरलेले तुकडे हा वेगळाच आजार. ३.५ मीटरचे तीन तुकडे काढले की १.५ मीटर उरतं. ते चेअर आणि लिंटेलसाठी आधीच वेगळं ठेवा. शनिवारी भंगारवाला तुमच्याआधी हिशेब करतो.

१२. इलेक्ट्रिशियन नेहमी प्लास्टर झाल्यावरच का उगवतो?

कारण त्याला बोलावणं तेव्हा जातं. क्रम असा: वीटकाम पूर्ण, पॉइंटची खूण भिंतीवर, झिरी (पाइपसाठी भिंतीत कोरलेली खाच), पाइप-बॉक्स, झिरीवर मेश, मग गिलावा. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा. चार इंची भिंतीत आडवी टाळाच. छिन्नीऐवजी कटर वापरायला सांगा. गिलावा व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. पुढे फोटोफ्रेमचा खिळा मारताना हा फोटो उपयोगी पडतो, तोवर इलेक्ट्रिशियनचा नंबर बदललेला असतो.

१३. सगळ्या पायऱ्या मोजून सारख्या केल्या, तरी शेवटच्या पायरीला प्रत्येक पाहुणा अडखळतो. का?

फरशीची जाडी विसरल्यामुळे. हे इतक्या घरांत दिसतं की आकडे सविस्तर देतो. आरसीसीत प्रत्येक पायरी १६५ मिमी केली. खोल्यांत बेड आणि टाइल मिळून ६५ मिमी चढले, पायऱ्यांवर ग्रॅनाइट आणि बेड मिळून ४०. मग पहिली पायरी १६५ + ४० − ६५ = १४०, आणि सगळ्यात वरची १६५ + ६५ − ४० = १९०. मधल्या १६५. पाय मधल्यांना सरावतो आणि वर ठेचकाळतो.

शटरिंगच्या वेळी पहिली १९० आणि शेवटची १४० धरली की तयार झाल्यावर सगळ्या १६५ येतात. सेंटरिंगवाला "साहेब, माप चुकलं" म्हणेल, दोनदा म्हणेल, आणि तुम्ही चहाला गेलात की आपल्या परीने दुरुस्तही करेल. शटरवर माप लिहून ठेवा.

याच कारणाने दारं खालून तासावी लागतात. तयार फरशीपासून १ मीटर उंचीची रेघ घरभर मारा आणि चौकट, ओटा, स्विचबोर्ड सगळं त्या रेघेवरून मोजा. रेघ लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मारत असाल तर आत हवेचा बुडबुडा नाही ना ते आधी बघा. बुडबुडा असेल तर पूर्ण घर प्रामाणिकपणे तिरकं होतं.

१४. बाथरूममध्ये पाणी जाळी सोडून दाराच्या कोपऱ्यात जमतं.

नाहणी ट्रॅप (जाळीखालचं पाणी जायचं भांडं) प्लंबरने बसवला, टाइल गवंड्याने लावली आणि दोघांची भेट झाली नाही. ट्रॅपचं तोंड तयार फरशीच्या हिशेबाने ठरवा. उतार मीटरला किमान १० मिमी. सहा फुटी बाथरूमला साधारण १८. बाहेरच्या खोलीपेक्षा बाथरूम २० मिमी खाली. २ × २ फुटी टाइलला दोन दिशांनी उतार देता येत नाही, ती चार तुकड्यांत कापावी लागते; १ × १ घ्या. टाइल चिकटायच्या आधी वॉटरप्रूफिंगवर किमान ४८ तास, जमल्यास ७२ तास पाणी साठवा आणि खालच्या छतावर लक्ष ठेवा. टाइल लावून झाल्यावर बादलीभर पाणी ओता, गवंड्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी.

१५. स्लॅब झाल्यावर मालकांनी वास्तूवाले आणले. आता संडास हलवायचाय.

कागदावर खोडरबर चालतो, काँक्रीटवर ब्रेकर. तरी सगळंच अशक्य नसतं. चार इंची भिंत थोडी सरकवता येते, पण डिझाइनरला विचारून, कारण स्लॅबवर उभ्या भिंतीचा भार त्याने तिथे धरलेला नसतो. दार-खिडकी लिंटेलच्या आत हलते. संडासाला खाली संकन स्लॅब (पाइप बसावेत म्हणून खाली उतरवलेला स्लॅब) लागतो. तो नसेल तर पर्याय म्हणजे फरशी फूटभर उचलणं किंवा खालच्या छतातून पाइप नेणं, आणि ११० मिमीच्या पाइपला साधारण ४० ते ६० ला १ उतार मिळायला हवा. कॉलम "थोडासा" हलत नाही.

बदल तोंडी घेऊ नका. तारीख, स्केच, जादा रक्कम, जादा दिवस असे चार मुद्दे लिहून मोबाइलवर पाठवा आणि "ठीक आहे" आल्याशिवाय हातोडा उचलू नका. रक्कम लिहिलेली दिसली की निम्म्या वेळा ईशान्येला जरा सवलत मिळते.

१६. कॉलमचे स्टार्टर (पायातून वर आलेल्या सळया) रेषेबाहेर आलेत. फिटर म्हणतो, वाकवून घेतो.

सळई ६ ला १ या उतारात सरकवता येते, म्हणजे ५० मिमी सरकायला ३०० मिमी लांबी. ७५ मिमीच्या वर गेलं तर वाकवू नका. डिझाइनरला फोटो आणि मापं पाठवा. काँक्रीटला लागून एकदम काटकोनात मुरडलेली सळई आणि गॅसने तापवून वाकवलेली सळई, दोन्ही नामंजूर. पुढच्या वेळी फुटिंग ओतण्याआधी स्टार्टर दोरीत घ्या, रिंगा बांधा आणि ओतताना परत बघा. व्हायब्रेटर लागला की तो सगळा पिंजरा शेजारच्या प्लॉटकडे झुकतो.

१७. २८ दिवसांचा क्यूब रिपोर्ट फेल आला, पण त्यावर दोन मजले चढलेत. पाडायचं का?

लगेच नाही. आधी क्यूब, म्हणजे ताकदीच्या चाचणीसाठी भरलेले काँक्रीटचे ठोकळे, कसे भरले ते तपासा: १५० मिमीचा साचा, तीन थर, ठासून, मग पाण्यात. उन्हात पडलेला क्यूब फेल होणारच. उलटंही घडतं: मुकादम खास गोणी फोडून खास माल बनवतो आणि साइटवर सगळ्यात उत्तम पोसलेला घटक क्यूबच असतो. म्हणून नमुना ओतण्याच्या जागेवरूनच उचला. ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, ६ ते १५ ला दोन, प्रत्येकी तीन क्यूब.

क्यूब खरंच फेल असतील तर आधी रिबाउंड हॅमरने (पृष्ठभागाचा कठीणपणा दाखवणाऱ्या हातोड्याने) संशयित भाग शोधा, मग किमान तीन कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल). कोअरची सरासरी त्या वयाच्या क्यूब ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ च्या खाली नसेल तर आयएस ४५६ काँक्रीट मान्य करतं. नसेल तर निर्णय स्ट्रक्चरल डिझाइनरचा: भार चाचणी, जॅकेटिंग (बाहेरून सळई-काँक्रीटचं आवरण चढवणं) किंवा पाडणं. ही वेळ टाळायला ७ दिवसांचेही क्यूब फोडा. ओपीसीला तोवर साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते आणि वर एवढं काही चढलेलं नसतं.

१८. मजूर ९० दिवसांचा दाखला मागतात आणि ठेकेदार सही करायला घाबरतो.

राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकाम लागतं. हजेरीवही नीट ठेवली असेल तर सही द्यायला हरकत नसते. भीती बहुधा हजेरीवहीचीच असते.

१९. गिलाव्याच्या बिलात दारं-खिडक्या वजा करायच्या की नाहीत? दर महिन्याला भांडण होतं.

करारात लिहिलं असेल तसं. काहीच लिहिलं नसेल तर आयएस १२०० (बांधकामाची मापं घेण्याचं मानक) ची पद्धत धरा. ०.५ चौरस मीटरपर्यंतची पोकळी वजा नाही, आणि तिच्या कडांचे पैसेही वेगळे नाहीत. ०.५ ते ३ चौरस मीटर: दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर एकाच बाजूची वजावट, कडा त्यातच. ३ च्या वर: दोन्ही बाजू वजा, पण कडांचं माप वेगळं द्या. म्हणजे ३ × ७ फुटी दार, सुमारे २ चौरस मीटर, एका बाजूने वजा होतं. बाहेरच्या भिंतीला आत आणि बाहेर गिलावा वेगळा असेल तर वजावट चौकट ज्या बाजूला बसलीय त्या बाजूची, कारण दुसऱ्या बाजूला गवंड्याला कडा कराव्या लागतात.

माप घेताना मुकादमाला सोबत घ्या आणि टेपचं शून्याचं टोक त्याच्या हातात द्या. आकडा तुम्ही वाचा, मापवहीत लिहा, सही तिथल्या तिथे. टेपचं टोक तुटलेलं असेल तर एक फुटावरून मोजायला सुरुवात करा आणि तो फूट शेवटी वजा करायला विसरू नका. तो विसरला जावा म्हणूनच पुष्कळ टेप तुटलेल्या असतात.